येलँडांचं फेब्रुवारीतलं बाळ

"केसांतलं ते पेन... काढून ठेवता का जरा?"

टॅम्सिन येलँडनं मान वर केली. "माझ्या केसांचं काय?"

"केसांचं काही नाही," रोवन गडबडला. "पेनचं. इथे शाई चालत नाही, फक्त पेन्सिल."

"घ्या बाई!" तिनं अंबाड्यात खोचलेलं पेन ओढलं आणि तांबूस केसांचा सगळा पसारा खांद्यावर आला. इंग्लंडमधल्या डेव्हनच्या त्या दप्तरखान्यात तीनशे वर्षांपूर्वीचे कागद सांभाळणारा रोवन पेन्सिल द्यायचंच विसरला. तिनंच ती त्याच्या हातातून काढून घेतली.

रविवारी तिच्या आजोबांची नव्वदी होती. चाळीस वर्षं गावच्या चर्चचा कारभार पाहिलेला, एकुलता एक मुलगा गमावलेला म्हातारा. आता 'आम्ही येलँड' एवढाच काय तो त्यांचा अभिमान. त्यांना वंशावळ भेट द्यायची म्हणून ती आली होती. पण मंगळवारी दुपारी टंकलेल्या सूचीवर तिचं बोट थबकलं.

"हे बघा. थॉमस येलँड आणि जोनचं लग्न, दोन मे १७०३. आणि मुलाचा बाप्तिस्मा वीस फेब्रुवारी १७०३! लग्नाच्या आधीच पोर! मग ते येलँडांचं की आणखी कुणाचं, देव जाणे... आजोबांना कुठल्या तोंडानं सांगू मी?"

रोवनला उत्तर त्याच क्षणी माहीत होतं. त्या काळच्या इंग्रजी दप्तरात वर्ष जानेवारीत बदलत नसे; त्यांचा पाडवा पंचवीस मार्चला. म्हणजे १७०३चा मे आधी, आणि १७०३चा फेब्रुवारी त्यानंतर साडेनऊ महिन्यांनी. बाळ अगदी सोवळ्यातलं! एक वाक्य बोलला असता तर काम झालं असतं. पण मग ती पाच वाजताच्या बसनं गेली असती, कायमची.

"मूळ नोंदवही पाहावी लागेल," तो म्हणाला. "उद्या या."

शहाणी माणसं प्रेमात पडली की अशी वागतात, दुसरं काय!

बुधवारी त्यानं भलताच गठ्ठा आणून ठेवला. "तुमच्याकडे काही वेळेवर सापडतं का हो?" तिनं हनुवटी तळहातावर टेकत विचारलं.

"चांगल्या गोष्टींना वेळ लागतो."

"हे कागदांबद्दलच बोलताय ना?"

रोवन कानापर्यंत लाल झाला. जेवणाच्या सुट्टीत पायरीवर बसून तिनं आपली मटण भरलेली पेस्टी मोडून अर्धी त्याला दिली, आणि अहो-जाहो तिथेच संपलं. गुरुवारी मात्र ती निघताना म्हणाली, "रविवार आला रे जवळ," आणि रात्रभर त्याचं मन त्याला खात राहिलं. आपल्या सुखासाठी त्या म्हाताऱ्याची नव्वदी टांगणीला लावलीय आपण!

शुक्रवारी त्यानं खरी वही तिच्यापुढे ठेवली आणि पाडव्याचं सगळं सांगून टाकलं. "मला मंगळवारीच ठाऊक होतं, टॅम्सिन. मी लबाडी केली. तू जाऊ नयेस म्हणून... मला तू आवडतेस. फार आवडतेस."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. कोट उचलणार आता, त्याला वाटलं.

"बुधवारी तू चहा आणायला गेलास ना," ती शांतपणे म्हणाली, "तेव्हा ही वही तुझ्या टेबलामागच्या ट्रॉलीवरच होती. उघडली. डिसेंबर १७०३च्या खाली फेब्रुवारी १७०३. आंधळ्यालाही दिसेल!"

"मग... काल कशाला आलीस?"

"तू पण ना! इतके जुने कागद वाचतोस आणि समोरचं माणूस वाचता येत नाही?"

रोवन हसायचंही विसरला. "आणि आजोबा?"

"बुधवारीच फोन केला. वंशावळ पुरी झाली म्हटल्यावर इतके खूश झाले! मग म्हणाले, काम संपलं तर उद्या परत कशाला चाललीस? मी खरं काय ते सांगितलं." आता लाल व्हायची पाळी तिची होती, पण नजर काही तिनं खाली केली नाही. "म्हणाले, रविवारी घेऊन ये त्याला. आणि लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं पुकारावी लागतात, तेव्हा फार रेंगाळू नका. मी नव्वदीचा आहे."

"मग पहिला रविवार कोणता धरायचा?" रोवननं तिचा हात धरून विचारलं.

"या रविवारी केक खाऊ," टॅम्सिन म्हणाली. "पुढच्याचं पुढच्या रविवारी बघू."