एकशे बारा सह्या

"बाबा शिडीवरून पडले, असं सगळे म्हणतात," समोर बसलेली बाई म्हणाली. "मला ते पटत नाही."

वहिनी ऐकत होत्या. बँकेत सव्वीस वर्षं सह्या तपासून निवृत्त झाल्यावर त्यांनी खासगी तपासाचं काम सुरू केलं होतं. मदतीला धाकटे दीर होते. जग त्यांना वहिनी आणि भाऊजी म्हणूनच ओळखत असे. भाऊजी टिपणं सुरेख काढत; त्यांतून काय निघतं, हे मात्र त्यांच्या गावीही नसे.

बाईचे वडील जुन्या कार्टूनपटांमधली चित्रं जमवत. एकेक चित्र पारदर्शक फिल्मवर हातानं रंगवायचे, त्या काळातली. सगळी एकाच स्टुडिओची, आणि प्रत्येकावर त्या स्टुडिओच्या मालकाची सही. अशा एकशे बारा चौकटी एका खोलीत होत्या.

"बाबांना जन्मापासून लाल-हिरव्यातला फरक कळत नसे," ती म्हणाली. "म्हणायचे, रंग माझ्या नशिबात नाहीत, रेषा आहेत. आणि सही म्हणजे सगळ्यात खरी रेषा."

सोमवारी तीन वाजता त्यांनी तिला फोन केला होता. उद्या सकाळी ये, भिंत रिकामी करायची आहे, एवढंच बोलले. आवाज खोल गेलेला होता. तिला राहवलं नाही. संध्याकाळीच ती नवऱ्याला घेऊन गेली, तर वडील शिडीपाशी पडलेले. डोकं लोखंडी कपाटाच्या कोपऱ्यावर आपटलेलं. शेजारी एक चौकट पालथी.

"काच फुटली होती?" वहिनींनी विचारलं.

"नाही. साधा ओरखडाही नव्हता."

रंग उडू नयेत म्हणून त्या खोलीचे पडदे कायम ओढलेले असत. भर दुपारी दिवा लावावा लागला. जुन्या फिल्मचा आंबूस वास हवेत धरून होता. भिंतीभर ससे, अस्वलं, बदकं दात काढून हसत होती. एवढी हसरी तोंडं एकदम आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर भाऊजींच्या अंगावर काटा आला. ते दारातच थांबले.

वहिनींनी टेबल पाहिलं. भिंग होतं, वाळलेलं पेन होतं, आणि लाल, निळ्या, हिरव्या पेन्सिली. हिरवीचं टोक झिजलेलं होतं.

आधी त्या जावयाशी बोलल्या. सासऱ्यांनी संग्रह विकावा म्हणून आपण मागे लागलो होतो, हे त्यानं लपवलं नाही. पण सोमवारी दुपारभर तो दातांच्या डॉक्टरकडे होता, आणि तिथून थेट बायकोला घ्यायला गेला. डॉक्टरनं दुजोरा दिला.

मग पारखी. प्रत्येक सहीला अस्सल असल्याचा दाखला यानंच दिला होता. देखणा, मऊ बोलणारा माणूस. महिनाभर आपण त्या घराची पायरी चढलो नाही, म्हणाला. सोमवारी साडेतीनला फक्त त्यांचा फोन आला होता. स्टुडिओत काम केलेली एक म्हातारी भेटून गेली, आणि त्या सगळ्या सह्या आपल्याच हातच्या आहेत असं सांगून गेली.

"ऐंशीच्या घरातली बाई हिरव्या पेन्सिलीनं दहा सह्या गिरगटते, आणि तेवढ्यावर माझा शब्द खोटा?" तो हसला.

"हे त्यांनी फोनवर सांगितलं?"

"मग मला दुसरं कुठून कळणार?"

आजी दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहत. तरुणपणी स्टुडिओच्या रंगखात्यात होत्या. मालकांना सह्या करायचा कंटाळा. हिचं वळण छान आहे, म्हणून ते काम यांच्या गळ्यात पडलं ते कायमचं. त्यांचा पत्ता शोधून संग्राहकानंच त्यांना बोलावलं होतं. "सोमवारी दीडला गेले, पावणेतीनला निघाले. पेन चालेना. 'ही लाल घ्या,' म्हणून त्यांनी पेन्सिल दिली. होती हिरवी. मी बोलले नाही, उगाच वाईट वाटलं असतं त्यांना. दहा सह्या केल्या. भिंगातून बघितल्या त्यांनी, भिंतीवरच्या सह्यांशी ताडून. कागद टेबलावरच ठेवून मी आले."

तो कागद खोलीत कुठेच नव्हता.

"म्हातारीच खोटी असेल," परतताना भाऊजी म्हणाले. वहिनींनी ओळखीच्या पोलीस अधिकाऱ्याला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे त्या खोलीत जमले.

"ज्याला कागद नको होता, त्यानंच तो नेला," वहिनी म्हणाल्या. "पारखीसाहेब, तो हिरव्या पेन्सिलीचा होता हे तुम्हाला माहीत होतं."

"सांगितलं ना, फोनवर कळलं."

"फोनवर ते लाल म्हणाले असते. त्यांच्या लेखी ती लालच होती. इथं फक्त आजी होत्या, आणि त्यांनी ही चूक त्यांना दाखवलीच नाही. हिरवा रंग तुम्ही डोळ्यांनी पाहिलात. म्हणजे फोननंतर तुम्ही इथं आलात."

पारखीनं भिंतीकडे पाहिलं. पोलीस अधिकाऱ्यानं एक पाकीट उघडलं. सकाळी पारखीच्या दुकानाच्या झडतीत ते कपाटात मिळालं होतं. आत पातळ कागदात जपून गुंडाळलेल्या हिरव्या सह्या होत्या, दहाच्या दहा.

"जाळला का नाहीत?" वहिनींनी विचारलं.

"हात धजला नाही." त्याचा आवाज अजून मऊच होता. "करणारीनं स्वतः कबूल केलेल्या, म्हणजे खऱ्या, तेवढ्याच होत्या. बाकी एकशे बारांना मी खोटे दाखले दिले होते. पहिल्या वर्षीच शंका आली होती मला. हा माणूस आता ते गावभर सांगणार होता."

"आणि ते चौकट काढताना पडले असं वाटावं, म्हणून तुम्ही ती मागाहून शेजारी ठेवलीत. पडताना हातात असती तर काच फुटली असती."

"मागाहून नाही," तो म्हणाला. "आधी."

कुणाला कळेना.

"ते शिडीवर होते. भिंत रिकामी करायला लागले होते. पहिली चौकट काढली आणि खाली माझ्याकडे दिली. मी ती नीट पालथी ठेवली. मग शिडी ओढली."

मुलगी एक पाऊल पुढे आली. "बाबा काही म्हणाले?"

"चौकट देताना म्हणाले. 'तू आलास ते बरं झालं. एकट्याच्यानं झालं नसतं.'"

अधिकाऱ्यानं त्याला बाहेर नेलं. मुलगी तशीच ताठ उभी होती. आजी काठी टेकत जवळ आल्या आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला, तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.