ट्रिगरला लागलेली बोटं

आधीच सांगतो, ही गोष्ट रचलेली नाही. माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरातली आहे. म्हणूनच नावं लिहीत नाही. ताईला कळलं तर ती माझ्याशी बोलणार नाही.

मी रेकॉर्डिंग करतो. दिवसभर खरखर, गुणगुण, केबलचे आवाज शोधायचे आणि काढून टाकायचे, हेच माझं काम. त्यामुळे विचित्र आवाज आला की मला भूत आठवत नाही. केबल आठवते.

त्या दिवशीही मला आधी केबलच आठवली होती.

मंगळवार होता. सकाळचे अकरा. तुम्हाला अमावास्येची रात्र हवी असेल तर माफ करा. पण माझ्या स्टुडिओला खिडकी नाही. आत सगळे तास सारखेच.

रेकॉर्डिंग दाजींचं होतं. ताईचे मिस्टर. पंचवीस वर्षं एकाच बँडमध्ये ड्रम वाजवतात. माणूस लाखात एक, पण जीभ अशी की समोरच्याची सालं काढेल.

वर्षभरापासून त्यांचा उजवा हात थरथरत होता. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, मालिश झालं. चमचा धरला की वाटीवर टकटक वाजायचा आणि ताई उगाच दुसरीकडे बघायची. बँडच्या मॅनेजरने शेवटी तोंड उघडलं. पाच गाणी नीट वाजवून पाठवा, नाहीतर दौऱ्यावर नवा मुलगा येईल.

आदल्या दिवशी ताई मला म्हणाली होती, "बारक्या, काहीही कर. ह्यांच्या हातातून ड्रम गेले ना, तर हा माणूस उभा राहायचा नाही."

मी शेंडेफळ. घरात अजून बारक्याच आहे.

तर मी उपाय काढला होता. ट्रिगर.

ट्रिगर म्हणजे काड्यापेटीएवढी वस्तू. ड्रमच्या कडेला चिमट्यासारखी बसते आणि तिचा छोटासा सेन्सर ड्रमच्या कातड्याला टेकलेला असतो. माइक हवेतला आवाज ऐकतो. ट्रिगरला हवेशी देणंघेणं नाही. त्याला फक्त स्पर्श कळतो. कातडं हललं की तो कॉम्प्युटरला सांगतो, आत्ता फटका पडला. मग कॉम्प्युटर त्या जागी आधी रेकॉर्ड करून ठेवलेला एक दणदणीत फटका बसवतो. हात कितीही कमजोर असो, ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही.

पाच ड्रम, पाच ट्रिगर. समोर पायाने वाजवायचा मोठा किक. त्याच्यावर दोन टॉम, एक डावा, एक उजवा. उजव्या हाताशी जमिनीवर उभा असतो तो फ्लोअर टॉम. आणि मांड्यांमध्ये स्नेअर. मी एकेक चिमटा बसवत होतो आणि दाजी स्टुलावर बसून बघत होते.

"म्हणजे बीळ मी खोदायचं आणि आयत्या बिळावर नागोबा तुझ्या कॉम्प्युटरमधला," ते म्हणाले.

"दाजी, सगळे मोठे लोक हेच करतात."

"करू देत. नागोबाला म्हणावं ये बाबा, बस. आमच्याच्याने आता होत नाही."

ते हसले. मीही हसलो. पण त्यांचे डोळे हसत नव्हते, आणि मला वाईट वाटलं.

मी काचेपलीकडच्या खोलीत आलो आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

पहिलं गाणं अर्ध्यावर गेलं आणि दाजी थांबले. हेडफोन काढला.

"मेहुणे, मध्येच किक कोण वाजवतंय?"

मी स्क्रीन बघितली. त्यांचा पाय पडला होता तिथे फटके होतेच. पण एका ठिकाणी, पाय उचललेला असताना, किकच्या ट्रिगरवर काहीतरी उमटलं होतं. कॉम्प्युटरने इमानदारीत त्यावर पाच फटके बसवले होते.

"केबल असेल," मी म्हणालो.

केबल बदलली. पुन्हा आलं.

ट्रिगर बदलला. पुन्हा आलं...

शेजारच्या ड्रमच्या हादऱ्यानेही असं होतं. त्यावर साधा इलाज असतो. कॉम्प्युटरला सांगायचं, एवढ्या जोराच्या खालचं काही मोजू नकोस. मी तेच केलं. दाजींच्या हेडफोनमधले ते फटके बंद झाले.

पण स्क्रीनवर त्या खुणा येतच होत्या. फक्त आता त्यांना आवाज नव्हता.

मी एक खूण मोठी करून बघितली.

फटका असा दिसत नाही. फटका म्हणजे एकदम उंच टोक आणि मग उतार. हे तसं नव्हतं. चार बारीक उंचवटे होते, एकामागून एक, सावकाश. मग थोडी जागा... आणि पाचवा, जरा जाडसर.

त्याच क्षणाचे माइक ऐकले. ड्रमच्या वर दोन माइक टांगलेले होते. त्यांनी दाजींच्या स्टुलाची करकर पकडली होती, त्यांचा श्वासही पकडला होता. किकजवळ मात्र काही नाही.

हवेत आवाज नव्हता. कातड्याला स्पर्श होता.

"दाजी, चहा घेऊन येऊ," मी म्हणालो. मला बाहेर उजेडात जायचं होतं.

कोपऱ्यावर आम्ही उभ्यानेच चहा घेतला. दाजींनी कप डाव्या हातात धरला होता. उजवा खिशात. ते म्हणाले, "खरं सांग, होईल का रे?" मी होईल म्हणालो. माझ्या डोक्यात ते चार उंचवटे आणि एक जाड उंचवटा घोळत होते.

वीस मिनिटांनी परत आलो तर माझ्या लक्षात आलं, रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं. स्टुडिओला कुलूप, चावी माझ्या खिशात. आत कुणी नाही. दाजी स्टुलावर जाऊन बसले आणि मी ती वीस मिनिटं स्क्रीनवर पुढे सरकवली.

किकवर पाच खुणा. बराच वेळ काही नाही. पुन्हा किकवर पाच.

मग डाव्या टॉमवर पाच...

माझ्या टेबलावर ताल धरायचा एक रबरी पॅड पडलेला असतो. मी एक जास्तीचा ट्रिगर त्याला लावला. त्यावर माझा हात ठेवला. एकदम नाही. आधी करंगळी, मग पुढचं बोट, मग मधलं, मग तर्जनी. शेवटी अंगठा.

स्क्रीनवर तंतोतंत तीच खूण उमटली.

कुणीतरी ड्रमवर हात ठेवत होतं. सावकाश, एकेक बोट टेकवत. आंधळा माणूस चाचपडत खोलीतून वाट काढतो ना, तसं.

"मेहुणे, झोपलास का?" दाजींचा आवाज आला.

मी तेव्हा म्हणायला हवं होतं, दाजी, बाहेर या. आज नको.

म्हणालो नाही. मॅनेजरला गाणी त्याच संध्याकाळी हवी होती. आणि काय सांगणार होतो? एका थरथरत्या हाताच्या माणसाला सांगणार की तुमच्या ड्रमवर दुसऱ्याच कुणाचा हात आहे?

"चला, दुसरं गाणं," मी म्हणालो.

दाजी वाजवू लागले. डोळे मिटून, कानाला हेडफोन. उजव्या हाताचे फटके स्क्रीनवर दिसत होते. एक मोठा, दोन बारके, एक जवळपास नाहीच. बिचारा माणूस घामाघूम झाला होता.

डाव्या टॉमवर पाच खुणा आल्या.

मी काचेतून बघितलं. दाजींचे दोन्ही हात स्नेअरवर होते. टॉमजवळ कुणी नव्हतं.

मग उजव्या टॉमवर. करंगळी... पुढचं... मधलं... तर्जनी... अंगठा.

ते ड्रमला वळसा घालून येत होतं. समोरून डावीकडून उजवीकडे. दाजींच्या दिशेने.

माझ्यासमोर एक बटण असतं. ते दाबून बोललं की आतल्या माणसाला हेडफोनमध्ये ऐकू जातं. माझं बोट त्या बटणावर होतं. नुसतं दाबायचं होतं.

फ्लोअर टॉमवर पाच खुणा उमटल्या. फ्लोअर टॉम त्यांच्या उजव्या कोपराला लागून असतो.

मी पुढच्या खुणेची वाट बघत राहिलो.

आली नाही.

पाचही ट्रिगरवर फक्त दाजींचे फटके. मला हायसं वाटलं. खरंच वाटलं, आणि त्याची आजही लाज वाटते. कारण लगेच माझ्या डोक्यात आलं... ट्रिगर फक्त ड्रमना लावलेत. आता ते ज्याला हात लावतंय, त्याला ट्रिगर नाही.

गाण्याच्या त्याच ओळीत दाजींचा उजवा हात सुधारला.

हळूहळू नाही. एका फटक्यापासून पुढच्या फटक्यात. स्क्रीनवर सगळी टोकं एका उंचीची, मापून घेतल्यासारखी. दाजींनी डोळे उघडले, स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि लहान मुलासारखे हसायला लागले. थांबले नाहीत. पाचही गाणी त्यांनी दोन तासांत वाजवली. मी तयार ठेवलेला एकही फटका वापरावा लागला नाही.

बाहेर आले तेव्हा रडत होते.

"हात आला रे परत," म्हणाले. "बघ, बघ."

हात पुढे केला. अजिबात थरथरत नव्हता. मी तो हातात घेतला नाही. पाणी आणतो म्हणून उठलो.

त्यांना सोडून आल्यावर मी एकटाच पुन्हा त्या खोलीत गेलो. पाचही ट्रिगर चालू ठेवून तासभर बसलो. रेषा सरळ. दुसऱ्या दिवशी बसलो, तिसऱ्या दिवशी बसलो. सरळच. जे काही त्या खोलीत होतं, ते आता तिथे नव्हतं.

मॅनेजरने गाणी ऐकली आणि दाजींचा दौरा पक्का झाला. ताईने फोनवर मला इतके आशीर्वाद दिले की मीच फोन आवरता घेतला. आठवडाभर मी स्वतःला समजावलं. मज्जातंतूंचं काही सांगता येत नाही. आनंदाने माणूस बरा होतो. उगाच पराचा कावळा करू नये.

मग ताईचा फोन आला. दुपारी, दाजी सरावाला गेल्यावर.

"बारक्या, एक विचारू? हसू नकोस."

"विचार ना."

"ह्यांची अंगठी सैल झालीय. उजव्या हातातली. वीस वर्षं साबण लावल्याशिवाय निघाली नाही, आणि आता भात कालवताना ताटात पडते. डाव्या हाताची बोटं तशीच आहेत, जाड."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि हे टेबलावर हात ठेवतात ना, तो असा एकदम ठेवत नाहीत. आधी करंगळी टेकवतात. मग एकेक बोट. अंगठा सगळ्यात शेवटी. पूर्वी असं कधी करायचे नाहीत रे."

मी तिला खुणांबद्दल सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

"बोललीस त्यांच्याशी?"

"काय बोलू? सकाळी उठल्यापासून शीळ घालतात. काल मला म्हणाले, दौऱ्यावरून आलो की तुला फिरायला नेतो. किती वर्षांनी म्हणाले असतील." ती थांबली. "पण रात्री मला जाग येते. हे झोपलेले असतात, अगदी घोरत असतात. हे झोपलेत रे, पण हात जागा असतो."

"म्हणजे?"

"चादरीवरून येतो. हळूहळू. एकेक बोट टेकवत. माझ्या खांद्यापर्यंत येतो आणि थांबतो."

मी टेबलावर ठेवलेला माझा हात उचलून मांडीवर घेतला.

"सांगू का ह्यांना?" तिने विचारलं.

सांगितलं तर काय होईल ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. दाजी तो हात पुन्हा कधी ड्रमला लावणार नाहीत. तो माणूस बसून जाईल. पंचवीस वर्षं एका दिवसात संपतील.

"नको सांगूस," मी म्हणालो.

मग म्हणाली, "मलाही तेच वाटतं. मी आता ह्यांच्या डाव्या बाजूला झोपते."

"मग ठीक आहे ना?"

"काल त्याने डावीकडे यायला सुरुवात केली," ताई म्हणाली. "ह्यांच्या छातीवरून."

दौरा अजून दोन महिने चालणार आहे. दाजी गावोगावचे फोटो पाठवतात. ताई या वेळी त्यांच्याबरोबर गेली आहे, दाजींनीच हट्ट धरला. रोज रात्री मी तिला मेसेज करतो आणि सकाळी तिचं उत्तर येईपर्यंत फोन हातातून खाली ठेवत नाही.

आज सकाळचं उत्तर अजून आलेलं नाही.