पन्नास नंबरचं तेल

विश्वास ठेवायचा तर ठेवा, आग्रह नाही. पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. माझ्या आईच्या वडिलांनी, विद्याधर कर्णिकांनी, हे आयुष्यात एकदाच सांगितलं. पेशाने वकील असले तरी घरात ते कधी खोटं बोलले नाहीत.

१९५६ सालचा एप्रिल. अंधेरी-कुर्ला रस्ता. शनिवार, भर दुपारी बारा.

रात्र नव्हती, हे मुद्दाम सांगतो.

आजोबा अंधेरीला राहायचे. धाकटी मुलगी शुभा, म्हणजे माझी मावशी, तेव्हा सात वर्षांची. पोलिओने तिचा डावा पाय लुळा पडला होता. दर शनिवारी तिला घाटकोपरच्या डॉक्टरांकडे न्यावं लागे. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, पावसाळ्यापर्यंत एक जरी शनिवार चुकला तरी या पायाची आशा सोडा.

म्हणून आजोबांनी एक जुनी विलायती मोटार विकत घेतली.

मोटार कसली, धुराडंच ते! पेट्रोलपेक्षा ऑइलच जास्त प्यायची. मागून निळा धूर असा सुटायचा की आरशात रस्ता म्हणून दिसायचा नाही. तोच धूर आत शिरायचा आणि मागच्या सीटवर पाय लांब करून बसलेली शुभा खोकून खोकून लालबुंद व्हायची. आजोबांना ते बघवेना. ते चकाल्याच्या धाकू मिस्त्रीकडे गेले.

"साहेब, पिस्टनच्यो रिंगा झिजल्यासत," धाकू म्हणाला. "तीस नंबर तेल पातळ. ता वर चढता नि जळता."

"मग जाड घाल. पन्नास नंबर."

"चाळीस घालूया. पन्नास नको."

"का? इंजिनाला काही होईल?"

"इंजिनाक काय नाय होवचा..."

 पण आजोबांचं म्हणजे मी म्हणेन ती पूर्व दिशा. पन्नासच घातलं.

त्या शनिवारी इंजिन जरा कुरकुरत सुरू झालं, पण धूर गायब! शुभा एकदाही खोकली नाही. आजोबा खुशीत शीळ घालत निघाले. मरोळ मागे पडलं. दोन्हीकडे कापणी झालेली भातशेतं, मधूनच एखादा ताड. चिटपाखरू नाही.

आजोबांनी सहज आरशात पाहिलं.

पहिल्यांदाच मागचा रस्ता स्वच्छ दिसत होता...

आणि रस्त्यावर एक माणूस धावत होता.

लांब. पांढरा सदरा. एक पाय ओढत, लंगडत धावत होता.

असेल कुणी, म्हणून आजोबांनी वेग वाढवला. पुन्हा आरशात पाहिलं.

तो तेवढाच लांब.

आणखी वेग. गाडी खडखडायला लागली. कुठलाही माणूस कधीच मागे पडला असता.

तो... तेवढाच लांब.

मातीच्या रस्त्यावर गाडीमागे धुरळा उडत होता. त्याच्या पायांखाली मात्र काहीच उडत नव्हतं. पावलांचा आवाज नाही. काहीच नाही.

साकीनाक्यापुढे वर्दळ लागली, तरी तो होताच. बैलगाड्यांमधून धावत होता आणि एकही माणूस वळून बघत नव्हता.  डॉक्टरांच्या दारात ते उतरले, मागे वळून पाहिलं. रस्ता रिकामा.

घरी त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. आजीलाही नाही.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला. या वेळी अर्ध्या अंतरावर. ऊन लागलं असेल, डोळे फसले असतील, अशी आजोबा मनाची समजूत घालत होते. तेवढ्यात मागच्या काचेकडे बघत शुभा म्हणाली,

"बाबा, ते काका का धावतायत? त्यांचा पाय दुखतोय ना."

 म्हणजे पोरीलाही दिसत होता!

तिसऱ्या शनिवारी तो इतका जवळ होता की आरसा त्याच्या सदऱ्याने भरून गेला. त्याने हात पुढे केला होता. डिकीची कडी धरायला...

आजोबा त्याच संध्याकाळी धाकूकडे गेले. "हे तेल काढ. तीस घाल. पहिल्यासारखा धूर येऊ दे."

 धाकूने गाडीखाली शिरून नट सैल केला आणि तिथूनच म्हणाला, "मागच्या मालकान पण असाच केल्यान."

"कुठे असतो तो मालक?"

"असा हयसरच, चकाल्यात. पण आता खंय पण चालतच जाता. गाडयेत काय बसत नाय."

 पण गाडी सोडून भागणार नव्हतं. शुभाच्या डाव्या पोटरीत नुकती कुठे ताकद यायला लागली होती.

चौथा शनिवार. निळा धूर पुन्हा मागे पसरला. आरशात धुराशिवाय काही नाही. मरोळ गेलं... साकीनाका गेला... आजोबांनी सुटकेचा श्वास टाकला. हसून त्यांनी विचारलं, "काय गं, आज नाही ना दिसत तुझे काका?"

"नाही बाबा. आता ते धावत नाहीत."

"गेले एकदाचे!"

"गेले नाहीत. दमले होते किती. मीच म्हटलं, बसा."

आजोबांचा हात आरशाकडे गेला आणि मधेच थांबला.

"मी माझा पाय जवळ घेतला," शुभा म्हणाली. "त्यांना जागा झाली."

आजोबांनी मागे वळून पाहिलं नाही. आरसाही पाहिला नाही. घरी आल्यावर त्यांनी पान्याने तो आरसा काढून टाकला... आणि पुढचे सहा शनिवार, एकही न चुकवता, गाडी घाटकोपरला नेली. देवाचं नाव घेत, नजर समोर ठेवून. मागे शुभा कुणाशी तरी हळू आवाजात बोलत असायची.

पावसाळा लागला तशी ती मोटार भंगारात गेली. मावशीचा पाय सुधारला. थोडी लंगडते, पण सगळं आयुष्य स्वतःच्या पायांवर चालली.

आजोबा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मावशी मात्र आजही टॅक्सीत बसली की डावा पाय जवळ घेते आणि दाराशी सरकते. पलीकडे एका माणसापुरती जागा ठेवते.

मी पुढे, ड्रायव्हरशेजारी बसतो.