दोघांना पुरेल एवढं बाक

संगणकाच्या खोलीत मागच्या रांगेत, खिडकीला लागून एक खुर्ची होती. पहिल्याच संध्याकाळी तिने ती धरली. कोपऱ्यातली खुर्ची म्हणजे कुणी बोलणार नाही, कुणी बघणार नाही. पण समोरचा संगणक काही केल्या सुरू होईना. बटण दाबून दाबून बोट दुखायला लागलं, तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"तो गेलेला आहे. दोन दिवस झाले म्हणे."

तिने वळून पाहिलं. शेजारच्या माणसाने स्वतःची खुर्ची जरा सरकवली होती.

"इकडे या हवं तर. माझा निदान गुरगुरतो तरी."

त्याच्या नखांत माती होती. चांगली काळीभोर, धुऊनही न गेलेली. ती बघते आहे हे लक्षात आल्यावर त्याने हात पटकन टेबलाखाली घेतले.

"तुम्हाला यातलं काही येतं का?" तिने विचारलं.

"ओ का ठो नाही. तुम्हाला?"

"मलाही नाही."

"मग जमेल आपलं," तो म्हणाला.

ती हसली… आणि आपण हसलो याचंच तिला नवल वाटलं. कारण ही मुलगी तशी हसायला कंजूष. स्वभावाने नव्हे, सवयीने. चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर माणसांच्या नाकावर जाडजूड चाचणीची फ्रेम चढवायची, काच बदलायची आणि विचारायचं, 'हे बरं की आधीचं?' माणसं म्हणायची, आधीचं. दिवसभर इतक्या डोळ्यांत इतक्या जवळून बघायचं आणि त्यातल्या एकालाही आपण दिसायचं नाही, असा तो उद्योग होता. संध्याकाळी भाड्याच्या खोलीचं कुलूप उघडलं की सकाळी टेबलावर ठेवलेला कप तिथल्या तिथे असायचा. कुणी उचलणार नाही, कुणी आदळणार नाही. कधी कधी त्या कपाचाच तिला राग यायचा. आई-वडील गेल्यापासून तिला म्हणून एक दादा उरला होता, आणि तो दूरच्या गावात संसाराला लागला होता. रविवारी त्याचा फोन आला की आपला आवाज शाबूत आहे एवढं तिला समजायचं.

म्हणून मग कॉलेजच्या फाटकावरची पाटी तिला दिसली. 'वेबपेज बनवायला शिका. पूर्वज्ञानाची गरज नाही.' वेबपेजशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. पण आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तरी घर खायला उठणार नव्हतं, आणि पूर्वज्ञानाची गरज नाही हे वाक्य तिला फारच धीराचं वाटलं.

वर्गात कुणाची नावं कुणाच्या लक्षात राहत नव्हती. ज्याचा जो धंदा तेच त्याचं नाव. दोन नर्सबाई होत्या, एक ड्रायव्हरकाका होते, एक वकिलीणबाई होत्या. रोपांच्या नर्सरीत काम करणारा तिचा शेजारी झाला 'माळी', आणि ती 'चष्मेवाली'. तिला स्वतःला चष्मा नव्हता, पण त्याला कोण काय करणार!

शिकवणाऱ्या मॅडम कडक होत्या. चुकलं की चष्म्यावरून बघायच्या आणि शब्द न बोलता माणसाला पाणी पाजायच्या. दुसऱ्याच आठवड्यात माळी त्यांच्या तावडीत सापडला. घरी मोठ्या हौसेने त्याने गुलाबाचा फोटो पानावर चढवला होता. वर्गात पान उघडलं, तर गुलाबाच्या जागी रिकामी चौकट.

"घरी दिसत होता, मॅडम! देवाशप्पथ!"

"घरी दिसणारच," मॅडम म्हणाल्या. "फोटोचा पत्ता तुम्ही तुमच्या घरच्या संगणकाचा लिहिलाय. तो तुम्हाला एकट्यालाच दिसणार. इतरांना दिसायचा तर फोटो पानासोबत न्यावा लागतो."

सगळे हसले. ती हसली नाही. तुम्हाला एकट्यालाच दिसणार, हे वाक्य तिला कुठेतरी लागलं होतं. त्या दिवशी तिनेच त्याला पत्ता बदलून दिला, आणि गुलाब उमलल्यावर त्याने अशी काही टाळी वाजवली की ड्रायव्हरकाका दचकले. त्यानंतर त्याने ती चूक पुन्हा केली नाही. उलट वर्गात कुणाचा फोटो गायब झाला की माळ्यालाच हाक जायची.

तिसऱ्या आठवड्यात तिचा संगणक दुरुस्त झाला. पडद्यावर 'चालू आहे' अशी चिठ्ठीच चिकटवलेली होती. ती आली तेव्हा माळी ती चिठ्ठी हळूच सोडवून खिशात घालत होता. तिने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून त्याच्या शेजारी बसली.

"दुरुस्त नाही झाला वाटतं अजून?" ती म्हणाली.

"छे! कसला होतोय."

ताकाला जाऊन भांडं लपवायची खोड दोघांनाही होती. एकाच संगणकावर दोन पानं घडायला लागली, त्याचं नर्सरीचं आणि तिचं चष्म्याची निगा कशी राखावी याचं. तो हिरवा रंग लावायचा, मग दुसरा हिरवा लावायचा आणि तिच्याकडे बघून, तिने सांगितलेला दुकानातला प्रश्न अगदी तिच्याच सुरात विचारायचा, "हे बरं की आधीचं?"

"दोन्ही एकच आहेत."

"नीट बघा ना. डोळे तपासून घ्या एकदा."

"तुमचेच तपासते, या दुकानात."

"आलो तर तेवढ्या जवळून बघणार का?"

तिचे कान तापले. तिने माऊस उगाचच फिरवला… खिडकीवर बारीक पाऊस टपटपत होता आणि मॅडम कुणाला तरी झापत होत्या.

एकदा तिने विचारलं, "तुमच्या पानावर सगळी झाडंच. माणूस एकही नाही?"

त्याने माऊस सोडला. "नर्सरीत माणूस नाहीच. काका होते, त्यांनीच ती उभी केली. मागच्या वर्षी गेले. तिथे सावलीत एक बाक आहे, त्यावर आम्ही दोघं डबा खायचो. मी अजून माझ्याच टोकाला बसतो. मध्ये बसवत नाही."

"आणि दुसऱ्या टोकाला?"

"एखादी कुंडी ठेवतो. अगदीच रिकामं दिसायला नको म्हणून."

तिला आपला कप आठवला. सांगावासा वाटला, पण कुणाला कपाचं काय सांगणार! त्या संध्याकाळी बसथांब्यावर उभी असताना, समोरून दोन बस रिकाम्या जाऊ दिल्यावर, तिच्या ध्यानात आलं की आपण या माणसाच्या प्रेमात पडलो आहोत.

मॅडमनी पुढे दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे प्रत्येक फोटोमागे दोन शब्द लिहायचे, फोटोत काय आहे ते. ज्यांना दिसत नाही त्यांना ते शब्द ऐकवले जातात, आणि फोटो आलाच नाही तर त्या जागी तेच शब्द उमटतात. दुसरी म्हणजे लिंक. "ज्या पानावरून कुठेच जाता येत नाही ते पान कसलं? ओळखीच्या कुणाच्या तरी पानाची लिंक द्या." वकिलीणबाईंनी लेकाची दिली, दोन्ही नर्सबाईंनी एकमेकींची. चष्मेवालीने पुष्कळ विचार केला. शेजारी बसलेल्या माणसाचं पान होतं की! पण आपण आपल्या तोंडाने कसं द्यायचं, तो काय म्हणेल, वर्ग काय म्हणेल…

"तुमची लिंक?" मॅडम दर वेळी विचारायच्या.

"देते, मॅडम."

मग दादाचा फोन आला. "एकटी काय करतेस गं तिकडे? तुझी वहिनी रोज डोकं खाते माझं, आण तिला म्हणून. वरची खोली रिकामीच आहे, रंगवून घेतो. इथल्या चष्म्याच्या दुकानात बोललोयसुद्धा. फक्त हो म्हण."

नाही म्हणायला तिच्याकडे कारण नव्हतं. म्हणजे होतं, पण ते दादाला सांगण्याजोगं अजून झालेलं नव्हतं.

"क्लास संपू दे रे. शेवटच्या दिवशी सांगते."

शेवटच्या आधीच्या वर्गात तिने हे माळ्याला सांगितलं. पडद्याकडे बघत, सहज सांगितल्यासारखं. मनात एकच होतं, याने म्हणावं, जाऊ नका. एवढे दोनच शब्द.

त्याची बोटं कळफलकावर थांबली.

"बरंय की," तो म्हणाला. "घरचं माणूस जवळ असलेलं… चांगलंच."

"हो ना."

त्यानंतर तो हिरव्या रंगाबद्दल काही बोलला नाही, डोळ्यांबद्दलही नाही. ती खोलीवर आली. कप तिथेच होता. दिवा न लावता ती बराच वेळ बसून राहिली आणि मग रडली. एकटं असण्याचा एक फायदा असतो, रडताना तोंड दाबावं लागत नाही.

शेवटच्या संध्याकाळी सगळी पानं कॉलेजच्या संगणकावर ठेवली होती आणि एकेकाने पुढे येऊन मोठ्या पडद्यावर आपलं पान दाखवायचं होतं. ड्रायव्हरकाकांची अक्षरं नाचत होती, त्याला टाळ्या पडल्या. मग माळी उठला. गुलाब आले, शेवंती आली, जास्वंद आली. सगळं जागच्या जागी. तो पान खाली सरकवत गेला, आणि शेवटी… रिकामी चौकट.

वर्गात हशा पिकला.

"अहो माळीबुवा, तुम्हीसुद्धा?" एक नर्सबाई म्हणाल्या.

"पालथ्या घड्यावर पाणी!" मॅडमनी कपाळाला हात लावला. "कुणाचा फोटो होता तो?"

"बाकाचा, मॅडम. घरी दिसतो," तो खाली मान घालून म्हणाला.

चौकटीत नुसते शब्द उमटले होते. 'नर्सरीतलं बाक. दोघांना पुरेल एवढं. एका टोकाला एक माणूस बसतो. दुसऱ्या टोकाची कुंडी त्याने आज उचलली आहे. तिने जाऊ नये असं त्याला फार वाटतं, पण तोंडाने सांगता आलं नाही.'

हसणारे हळूहळू गप्प झाले. ती मात्र मागच्या रांगेत गोठल्यासारखी बसली होती. गुलाबाला पत्ता आहे, शेवंतीला आहे, आणि बाकालाच तेवढा नाही? वर्गभर सगळ्यांचे पत्ते सुधारत फिरणाऱ्याला ही चूक होईल कशी? ती चूक नव्हतीच. बिचाऱ्याने सगळ्यांसमोर स्वतःचं हसं करून घेतलं होतं, ते शब्द पुढे यावेत म्हणून.

"चष्मेवाली, तुम्ही या," मॅडम म्हणाल्या.

ती उठून पुढे गेली. तिने पान दाखवलं. काच कशाने पुसावी, कशाने पुसू नये.

"आणि लिंक? राहिलीच ना शेवटी?"

"राहिली होती. आत्ता देऊ, मॅडम?"

सगळ्यांच्या देखत ती टायपायला लागली. दोनदा चुकलं, दोनदा खोडलं. पत्ता पाठ होता, त्याच्या शेजारी बसून तोच तर तिने कितीदा लिहिला होता. पानाच्या तळाशी एकच शब्द आला, 'बाक'. तिने त्यावर क्लिक केलं. नर्सरीचं पान उघडलं, तिने ते तळापर्यंत सरकवलं आणि पुन्हा तीच रिकामी चौकट समोर आली.

"अहो, पण त्यात फोटोच नाहीये," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज एरवीसारखा कडक नव्हता.

"असू दे, मॅडम," ती म्हणाली. "मला दिसतंय."

माळ्याने तेव्हा कुठे मान वर केली.

बाहेर व्हरांड्यात दोघं उभे राहिले. इतके दिवस चिकटून बसलेले, आता हातभर अंतर ठेवून.

"सांगायचं ना सरळ…" ती म्हणाली.

"जीभ वळली नाही. तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन वाजला. दादा होता.

"काय ठरलं मग? रंगारी बोलवू ना उद्या?"

"नको रे दादा. खोली रंगवू नकोस."

"का गं? काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. खूप बरी आहे. भेटायला येईन तेव्हा सगळं सांगेन."

तिने फोन ठेवला. समोर तो नखांतली माती पुन्हा लपवत उभा होता. तिने त्याचा हात धरून पाठीमागून पुढे आणला.

"उद्या दुपारी डबा घेऊन येते," ती म्हणाली. "कुठल्या टोकाला बसू?"

"तुम्ही म्हणाल तिथे."

"मग मधेच बसते."