मागच्या सीटवरचा आवाज

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली. गोष्टीचा शेवट तर मी माझ्या कानांनी ऐकलाय, म्हणून सांगायला बसले आहे. नाहीतर असल्या गोष्टींना नाक मुरडणाऱ्यांत मी पहिली.

आणि आधीच सांगते, रात्र नव्हती. सुनसान रस्ता नव्हता. भर दुपार, वाहता रस्ता आणि मावशीची रोजची गाडी.

गाडी जुनी कुणाची तरी घेतली असेल, असं म्हणाल. नाही. शोरूममधून नवीकोरी आणलेली. अपघात? मागच्या बंपरला एक ओरखडा आहे. तो काकांनी गेटला घासून केलेला. संपला इतिहास.

मावशी फिजिओथेरपिस्ट आहे. घरोघरी जाऊन लोकांचे गुडघे वाकवते, खांदे फिरवते. त्यामुळे दिवसभर गाडीत आणि दिवसभर फोनवर. फोन खांद्यात दाबून गाडी चालवायची वाईट सवय. एकदा अशीच बोलता बोलता सिग्नल तोडून गेली आणि समोरून आलेल्या टेम्पोवाल्याने तिच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला.

काका हट्टालाच पेटले. "आधी तो कंपनीचा डबा काढ. नवा स्टिरिओ बसव. फोन त्यातूनच घेता येतो, हात मोकळे राहतात."

कंपनी फिटेड सेट म्हणजे नुसता रेडिओ आणि सीडी. बटणावरचे आकडे पुसून गेलेले. पण मावशीला त्याची सवय. गाडी सुरू झाली की रेडिओ सुरू, गाडी बंद झाली की रेडिओ बंद. मध्ये कधी शांतता नाही.

शेवटी ती सेटवाल्याकडे गेली. गळ्यात चष्मा अडकवलेला, तोंडाने बडबड्या माणूस. त्याने डॅशबोर्डची पट्टी टक् टक् करत उचकटली, जुना सेट बाहेर ओढला, वायरी जोडल्या, मोठी टचस्क्रीन बसवली. वाटाण्याएवढा एक माईक आरशाजवळ चिकटवला.

"इथून तुमचा आवाज जाणार, ताई. आणि जुना सेट टाकू नका. गाडी विकताना गिऱ्हाईक कंपनीचाच मागतं."

मावशी खूश. स्क्रीन काय, आवाज काय! घरी येता येता तिने त्या नव्या सेटवरूनच माझ्या आईला फोन करून कौतुक सांगितलं. आई मावशीची थोरली बहीण.

बोलता बोलता आईने विचारलं, "तुझ्यासोबत कोण आहे गं?"

"कुणी नाही. का?"

"काही नाही... कुणीतरी बोलल्यासारखं वाटलं."

मावशी म्हणाली, बाजूला बस उभी होती, तिच्यातलं ऐकू आलं असेल.

विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी एका पेशंटच्या सुनेचा फोन आला. सासूबाईंचा गुडघा सुजलाय, आज व्यायाम करायचा की नाही? मावशी बर्फाने शेकायला सांगत होती. ती सून मध्येच थांबली.

"मॅडम, त्यांना आधी उत्तर द्या हवं तर. मी थांबते."

"कुणाला?"

"तुमच्या मागच्या सीटवरच्या आजींना. मघापासून विचारतायत... 'अजून लांब आहे का?'"

मावशीने आरशात पाहिलं.

मागची सीट रिकामी. तिची बॅग, व्यायामाचे रबरी पट्टे, पाण्याची बाटली. बस्स.

तिने रेडिओ बंद आहे ना ते तपासलं. बंदच होता. गाडीत कसलाच आवाज नव्हता...

संध्याकाळी तिने काकांना सांगितलं. काका पोट धरून हसले. "फुकटची सवारी दिसते! उतरताना भाडं माग."

पण दोन दिवसांनी तेच काका मावशीला फोनवर विचारत होते, येताना भाजी आणशील का. आणि वाक्य अर्धं सोडून गप्प झाले.

"अहो, बोला ना."

"...तू एकटी आहेस ना?"

"हो. काय झालं?"

"काही नाही. सावकाश ये. भाजी राहू दे."

त्या रात्री काका जेवले नाहीत नीट. मावशीने खोदून खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "म्हातारा आवाज आहे. गरीब बिचारा. चिडलेला नाही. नुसतं विचारतो. पण तो सेट बदल."

सगळ्यात विचित्र गोष्ट काय माहितीये?

मावशीला स्वतःला काही ऐकू येत नव्हतं. एकदाही नाही. गाडीत ती बसलेली, आणि आवाज फोनच्या पलीकडच्यांना.

ती सरळ सेटवाल्याकडे गेली. भुताचं कसं सांगणार? म्हणाली, "फोनमध्ये दुसराच आवाज येतो."

"माईक खराब असेल. नाहीतर एसीचा झोत लागत असेल. तुम्ही गाडीत बसा, काचा लावा. मी दुकानातून फोन लावतो. काहीतरी बोलत राहा."

मावशी गाडीत बसली. काचेतून तिला तो काउंटरमागे दिसत होता. फोन आला. ती बोलू लागली. आज ऊन फार आहे, तुमच्या दुकानाची पाटी छान आहे, असं काहीबाही.

तो कान देऊन ऐकत होता. मग म्हणाला,

"ताई, तुमचा आवाज एकदम क्लिअर आहे. फक्त मागे बसलेल्या आजींना सांगा जरा वेळ गप्प बसायला. मला टेस्टिंग करू दे."



तो हसत हसतच बाहेर आला. फोन अजून कानाला. मागच्या काचेला हाताचा आडोसा करून आत बघितलं.

हसू तिथेच विरलं.

त्याने कानावरचा फोन हळूच खाली घेतला. बडबड्या माणूस तो... पण त्या दिवशी त्याच्या तोंडून मोजकेच शब्द निघाले.

"घरी ठेवलेला जुना सेट घेऊन या, ताई. बदलून देतो. आजच."

सेट आणायला घरी जायला हवं. म्हणजे त्याच गाडीतून. रिक्षाने गेली असती तर? मी हे तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, "गाडी तिथे सोडून जायचं सुचलंच नाही. डोकं चालत नव्हतं."

तिने आईला फोन लावला. "ताई, घरी पोचेपर्यंत माझ्याशी बोलत राहा. काहीही बोल. आणि... काही ऐकू आलं तर मला सांगू नकोस."

आई बोलत राहिली. शेजारच्यांचं भांडण, माझी परीक्षा, दुधाची पिशवी फुटली ते. मावशी हूं हूं करत होती. स्टिअरिंग घट्ट धरून. आरशात बघायचं नाही असं ठरवून.

चौक गेला. पूल गेला. तिची गल्ली आली.

आणि आईचं बोलणं थांबलं.

"ताई? बोल ना."

पलीकडे नुसता श्वास.

"ताई!"

मावशीने बिल्डिंगच्या गेटातून गाडी आत घेतली आणि आपल्या जागेवर उभी केली. इंजिन अजून चालूच.

तेव्हा आई म्हणाली, अगदी हळू, "तू उतर बघू आधी. लगेच उतर."

पण उतरण्याआधीच गाडी हलली.

जड माणूस मागच्या दारातून उतरलं की गाडी कशी जराशी वर उचलल्यासारखी होते? तशी. मावशीचा पट्टा अजून लावलेला होता. मागचं दार उघडलं नव्हतं. तिने वळून पाहिलं, दारं लॉक होती.

आईने मात्र फोनवर दार उघडल्याचा आवाज ऐकला. आणि लावल्याचाही.

आईने त्यानंतर किती तरी दिवस हे कुणाला सांगितलं नाही. दाराच्या आधी तिने काय ऐकलं होतं, तेसुद्धा.

"आलं वाटतं... हेच ना घर?"

सेट त्याच दिवशी बदलला. कंपनीचा रेडिओ पुन्हा जागेवर बसला. काकांनी गाडी नेली होती, मावशी गेलीच नाही. मग काही दिवसांनी ती पुन्हा गाडी चालवू लागली. गाडीत कुणी नाही, याची तिला आता खात्री होती.

तीच तर भीती होती. म्हणजे जी कोण होती, ती इथेच उतरली होती.

बिल्डिंगमध्ये बरीच घरं आहेत. मावशी लिफ्टमध्ये शेजाऱ्यांचे चेहरे बघायची. कुणी काही बोलतंय का, कुणाकडे आजारपण आहे का... कुठेच काही नाही. सगळे मजेत.

आता माझं सांगते.

गेल्या महिन्यात मी मावशीला फोन केला. सकाळची वेळ. काका कामावर गेलेले. मावशी स्वयंपाकघरात होती, मागे कुकरची शिट्टी झाली. आम्ही माझ्या नव्या नोकरीबद्दल बोलत होतो.

शिट्टी थांबली.

आणि मावशीच्या आवाजाच्या मागून, म्हणजे अगदी तिच्या खांद्याजवळून, कुणीतरी विचारलं...

"कुणाचा फोन आहे गं?"

घरातलं माणूस विचारतं ना, तसं. सहज.

 माझं गप्प होणं मावशीला कळलं. तिला आता सगळ्यांचं गप्प होणं कळतं.

"तुलाही आली ऐकू?" तिने विचारलं. आवाजात घाबरणं नव्हतं. नुसता थकवा.

"मावशी, तू आधी घराबाहेर पड."

"कुठे जाऊ? आणि किती दिवस?" ती म्हणाली. मग थोडं थांबून, "ऐक ना. मला तर तिचं काही ऐकू येत नाही. तुम्हालाच येतं. तूच विचार ना तिला... काय हवंय?"

पलीकडे शांतता पसरली. दोघींची. मी विचारायची वाट बघत असल्यासारखी.

मी फोन कट केला.

मावशी रागावली नाही. आजही ती फोन करते, नेहमीसारखी. मीही घेते. पण उचलल्यावर मी आधी हॅलो म्हणत नाही. जरा थांबते.

पलीकडून हॅलो कोण म्हणतं, ते आधी ऐकून घेते.