कोरड्या हातांचे मंगळवार

माझं आणि स्वराजचं लग्न ठरलं.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. असं काही झालेलं नाही, मी त्याला ओळखत नाही, आणि मी नाशिकच्या मेन रोडवरच्या मेडिकलमध्ये क्रीम-साबणांच्या काउंटरवर गुपचूप उभी आहे. डिसेंबर आहे. थंडी इतकी कोरडी, की ओठ फाटतील म्हणून गिऱ्हाइकं हसत नाहीत.

तेवढ्यात एक उंच मुलगा आला, भेगांचं काहीतरी द्या म्हणाला. मी ट्यूब काचेवर ठेवली, त्याने हात पुढे केला... आणि त्याचं बोट माझ्या ओढणीत अडकलं. ओढणी खिळ्याला अडकावी तसं. तो ओढेना, मला सोडवेना. मागचे आजोबा शांतपणे म्हणाले, "चालू द्या. माझं नुसतं पोटाचं आहे."

"शिफॉन ना?" त्याने विचारलं.

"कपड्यांतलं बरंच कळतं तुम्हाला."

"पैठणी विणतो." मग बोटांकडे बघून — "विणायचो."

तो येवल्याचा. बोटं इतकी खरबरीत झाली होती की रेशमाचा धागा अडकून तुटायचा. मालकांनी त्याला मागावरून उठवलं आणि दर मंगळवारी तयार साड्या नाशिकला, आमच्या समोरच्याच साडीच्या दुकानात पोचवायला लावलं. होळीपर्यंत हात सुधारले तर माग परत, नाहीतर तिथे दुसरा बसणार.

साबण कुठला वापरता, मी विचारलं. कपड्यांची वडी, तो म्हणाला. रेशमाला डाग पडू नये म्हणून मागावर बसताना दरवेळी हात घासायचे. चहा प्यायला, घासले. बिस्किट खाल्लं, घासले. वर साबणाचा वास जावा म्हणून लिंबू चोळायचं. भेगांवर. मी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. निव्वळ आरोग्याच्या दृष्टीने.

आधी त्वचा कुठली ते बघू, म्हटलं. तोंड साध्या पाण्याने धुवायचं आणि अर्धा तास काहीही न लावता बसायचं. चमकलं तर तेलकट, ताणलं तर कोरडी. तो काउंटरशेजारी स्टुलावर बसला. इतका सरळ बसला की गिऱ्हाइकांना वाटलं, चोरी करताना सापडलाय. आमचे मालक चंदरकाका मला बाजूला घेऊन विचारून गेले, पोलिसांना फोन करू का.

"काय होतंय?" मी विचारलं.

"गाल ताणतायत. हसलं की जास्त."

"मग हसू नका."

"मग तुम्ही समोरून हला."

मी हलले नाही. ड्युटी होती.

गुलाबाच्या वासाचं क्रीम लावलं, तर हात लगेच लाल होऊन चुरचुरायला लागला. म्हणजे कोरडी आणि वर नाजूकसुद्धा. मी बिनवासाचं क्रीम दिलं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस बघा, म्हटलं. काही झालं नाही तर मग हातांना. वडी बंद, लिंबू सरबतात. कोमट पाणी, सौम्य साबण, आणि हात ओलसर असतानाच क्रीम. माग परत मिळाला की मात्र मागावरून उठल्यावरच लावायचं. रेशमाला तेलकटपणा चालत नाही, हे त्यानेच मला सांगितलं.

मग मंगळवार सुरू झाले. मी ओढणीचं टोक धरायचे, तो त्यावरून बोट फिरवायचा. ही तपासणी कुठल्याच पुस्तकात नाही. बोट दरवेळी थोडं कमी अडकायचं, आणि एकदा माझ्या लक्षात आलं की आपण काय करतोय. हात बरे झाले की माग. माग मिळाला की मंगळवार बंद. आणि मीच त्याला बजावत होते, क्रीम विसरू नका म्हणून.

एकदा त्याला द्यायला गुलाबाच्या क्रीमची बाटली हातात घेतली होती... पण ठेवून दिली.

फेब्रुवारीत एका मंगळवारी त्याचं बोट ओढणीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलं.

"झालं," मी म्हणाले.

"झालं," तो म्हणाला.

आमचे चेहरे बघून काकांना वाटलं, कुणाचा तरी रिपोर्ट वाईट आलाय.

पुढच्या मंगळवारी समोरच्या दुकानात साड्या घेऊन दुसराच माणूस आला. त्याच्या पुढच्याही. माझ्या सांगण्यावरून लोक भराभर बरे होत होते आणि मला त्याचा राग येत होता.

मग एका गुरुवारी तो आला. हातात साड्यांची पिशवी नव्हती.

"परत वडी लावायचा विचार केला," तो म्हणाला. "पण मागावर कुणाच्यातरी लग्नाची साडी आहे. म्हणून सुट्टी काढली." जरा वेळ काचेकडे बघितलं. "काही दुखत नसताना आलेलं चालतं का?"

"मेडिकलमध्ये? नाही चालत."

"...तुमच्या घरी?"

मी खोकल्याच्या गोळ्या उगाच सरळ लावल्या.

"रविवारी ये," मी म्हणाले. "बाबा घरी असतात."

त्या 'ये'नंतर तो हसला. गाल अजिबात ताणले नाहीत.

आता ते पहिलं वाक्य वाचलंत तरी चालेल. अडचण एकच. स्वराजचा माग येवल्यात मालकांच्या घरात जमिनीत खड्डा करून बसवलेला आहे, तो उचलता येत नाही, आणि काका मला सोडत नाहीत. म्हणून —

मा. जिल्हाधिकारी साहेब, नाशिक यांस,

विषय : येवला शहर हलविणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय विनंती की, मौजे येवला हे शहर सध्याच्या जागेवरून खड्ड्यांसह उचलून मेन रोडच्या मागील बाजूस ठेवण्यात यावे. कांद्याची शेते तिथेच राहिल्यास अर्जदाराची हरकत नाही.