ओट्यावरचा जुना फोटो

“मांडीवर मूल घेतलेली ही पोर कोण?”

मालूला बघायला मुरबाडहून आलेल्या पाहुण्यांनी आल्बमच्या पानावर बोट ठेवले आणि आत चहा ओतता ओतता भागीरथीने दाराकडे कान लावला! आई गेली त्या वर्षी वडिलांनी कल्याणहून फोटोवाला आणून किन्हवलीच्या या घराचे, माणसांचे फोटो काढून घेतले होते. ओट्यावर बसलेली ती पोर भागीरथीच होती आणि मांडीवरचा तान्हा तिचा भाऊ, कुंडलिक!

“ती? मोलकरीण व्हती आमची,” बाहेर कुंडलिक म्हणाला.

नवऱ्याने टाकलेली बहीण घरात आहे, असे कळले तर लेकीची सोयरीक मोडेल, ही त्याची धास्ती तिला कळत होती... पण मोलकरीण! जिने त्याला बोटाने दूध चाटवून जगवले, ती मोलकरीण!

लग्न ठरले. “वऱ्हाडात कुणी वळखेल रे मला,” म्हणत तिने आपणच गाठोडे बांधले आणि खर्डीच्या रानातल्या पाड्यावर, पूर्वी घरी कामाला असलेल्या गंगीकडे ती निघून गेली. थांब, असे कुंडलिक म्हणाला नाही.

लग्न उरकले आणि एका दुपारी तो पाड्यावर आला, तो थेट तिच्या पायांवरच कोसळला.

“आक्का! तुला टाकली नव्हती गो... तूच सासरी गेली नाय, माझ्यापायी! तुझे दीर धर्मानाना वऱ्हाडात व्हते. बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं. दाजी तुला न्यायला आले तवा तू म्हनलीस, कुंडलिक चालाया लागू दे, मग येते... त्यांनी दुसरी बायको केली! इतकी वर्सं का बोलली नाय?”

“तुझ्या जिवाला टोचनी नको म्हनून रे!” तिने त्याचे डोळे पुसले.

“घरी चल, आक्का.”

घर! तिचे सारे काळीज त्या एका शब्दाकडे धावले... पण मालूचा चेहरा आडवा आला.

“मालूच्या सासरी काय सांगशील? बाप खोटं बोलला म्हनून पोरीला हिनवतील. धर्मा भावजींनाबी गप ऱ्हायला सांग.”

“व्याह्यांचे पाय धरीन मी...” कुंडलिक म्हणाला, पण डोक्यावरचे पागोटे सारखे करू लागला.

एकदाच हट्ट कर रे, लहानपणी पदराला लोंबकळून करायचास तसा! ओढून ने मला! तिचे अंतःकरण आक्रंदत होते... ओठ मात्र मिटलेलेच होते.

“तुझंच खरं, आक्का,” अखेर तो पुटपुटला.

“मग नीघ, बाबा. ऊन उतरलं.”

तो निघाला. दोनदा मागे वळला; परतला मात्र नाही. सागाच्या झाडांआड त्याचे पागोटे दिसेनासे झाले, तेव्हा गंगी दारात आली.

“मालक न्यायला आलं व्हतं नं गो? मंग?”

“आलता गो... आलता!” भागीरथी म्हणाली आणि कुडाला डोके टेकून लहान पोरीसारखी हुंदके देऊ लागली.